पानी देखके देना

हावड्याला माझी पोस्टिंग २०१९ च्या सप्टेंबरात झाली. स्टेशनवरच्या एम.सी.ओ.त, म्हणजे मूव्हमेंट कंट्रोल ऑफिसात. फौजी वाचकांना हे ऑफिस सांगायला नको. छुट्टीवर जाता-येता ज्या खिडकीपुढे वॉरंट हातात धरून आपण प्रत्येकाने कधी ना कधी तासभर काढलेला असतो, तीच ती खिडकी. मी पहिल्यांदाच त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो होतो. चुकलेल्या गाड्या, हरवलेल्या ट्रंका, ‘साहेब, एक बर्थ बघा ना, आई सीरियस आहे’ असले दिवसाला दहा जण. त्यातल्या खऱ्या आया किती, हे चेहऱ्यावरून ओळखायला महिनाभरात शिकलो.

राहायला स्टेशनपासून थोड्या अंतरावर एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावरची खोली होती. खोलीत आम्ही दोघे. दुसरा कालिम्पोंगचा, माझ्याहून दोन वर्षांनी सीनियर. त्याला सगळे दाजू म्हणायचे, नेपाळीत थोरला भाऊ. दाजूकडे सामान कमी होतं, पण खिडकीत एक कुंडी होती. कुंडीत बोटभर जाडीचा, तीन धारांचा हिरवा दांडा आणि त्याच्या डोक्यावर लिंबाएवढा लालभडक गोळा. गोळ्याला बाजूने तीन छोटी पिल्लं फुटलेली. मला पहिल्यांदा ते प्लास्टिकचं वाटलं. बोट लावलं तेव्हा काटा टोचला.

कालिम्पोंगला निवडुंगाच्या नर्सऱ्या पुष्कळ. दाजूच्या मुलीने तिच्या साठवलेल्या पैशांतून ते घेऊन बापाला दिलं होतं. ‘पापा के कमरे में कुछ लाल होना चाहिए,’ एवढंच तिचं म्हणणं.

हे झाड म्हणजे खरं तर दोन झाडं आहेत, हे मला दाजूने सांगितलं. वरचा लाल गोळा जिम्नोकॅलिशियम जातीचा निवडुंग, मूळ पराग्वेकडचा. त्यात हरितद्रव्यच नाही, म्हणून तर आतला लाल रंग दिसतो. पण हरितद्रव्य नाही म्हणजे स्वतःचं अन्न करता येत नाही. असलं रोप बियातून उगवलं तर बियातला शिधा संपेपर्यंत जगतं आणि मरतं. १९४१ साली जपानमध्ये वातानाबे नावाच्या माणसाला आपल्या रोपांत असली तांबूस पोरं सापडली, आणि ती त्याने हिरव्या निवडुंगावर कलम करून जगवली. आज जगभर विकले जाणारे लाल, पिवळे गोळे त्याच वाटेने आले. खालचा हिरवा दांडा म्हणजे ड्रॅगन फ्रूटचा वेल. तो कमावतो, वरचा खातो. आमच्या तासगाव तालुक्यात हे कुणाला समजावून सांगायला लागत नाही. तिकडे सगळी द्राक्षबाग डॉगरिजच्या खुंटावर उभी आहे. मुळं एकाची, घड दुसऱ्याचे.

मार्च २०२० मध्ये दाजू छुट्टीवर गेला. जाताना म्हणाला, ‘पौधा तेरे हवाले. पानी देखके देना.’ दहा-बारा दिवसांत लॉकडाऊन लागला आणि दाजू कालिम्पोंगलाच अडकला.

मी ‘देना’ ऐकलं आणि ‘देखके’ विसरलो. फौजी माणूस. कामगिरी दिली की ती वेळेवर करायची. सकाळी सहाला कुंडीला अर्धा मग पाणी, रोज, खाडा नाही. भिंतीवर चिकटवलेल्या ड्युटीच्या कागदावर त्याचाही रकाना होता आणि मी त्यावर टिक करत होतो. एप्रिलचा हावडा म्हणजे हवा पिळली तर पाणी निघेल असा. माती कधी वाळतच नव्हती, पण माझा रकाना भरत होता.

२० मे ला अम्फान आलं. त्या दिवशी आम्ही स्टेशनवर होतो. शालिमार यार्डात उभे डबे वाऱ्याने घसरू नयेत म्हणून साखळदंडांनी रुळांना जखडले होते. इतकी वर्षं नोकरी करून रेल्वेच्या डब्याला बैलासारखं बांधलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी जे सुरू झालं ते मध्यरात्र उलटेपर्यंत. दमदमला वाऱ्याचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या वर गेला. सकाळी खोलीवर आलो तर खिडकीची काच फुटलेली, माझी गादी भिजलेली आणि कुंडी कोपऱ्यात पाण्याने भरलेल्या बशीत तरंगल्यासारखी उभी. झाड मात्र ताठ, लाल गोळा तसाच. मी त्याला मनातल्या मनात सलाम ठोकला आणि पुढच्या कामाला लागलो.

काम भरपूर होतं. वीज नाही, नळाला पाणी नाही, फोन बंद. रस्त्यारस्त्यांत झाडं आडवी. राज्य सरकारने मदत मागितल्यावर २३ तारखेला लष्कराच्या पाच तुकड्या उतरल्या आणि त्यांनी करवती घेऊन झाडं कापून रस्ते मोकळे केले. लोक टाळ्या वाजवत होते. सीमेवर कधी टाळ्या मिळत नाहीत, लाकडं फोडल्यावर मिळाल्या.

तिसऱ्या दिवशी फोन लागला, तेव्हा घरी केला. इथे थोडं घरचं सांगावं लागेल. मी २००३ ला भरती झालो तेव्हा आण्णांना, म्हणजे वडिलांना, शब्द दिला होता की पंधरा वर्षं झाली की पेन्शन घेऊन बागेत येतो. २०१८ ला पंधरा झाली, मी गेलो नाही. हवालदारीची फीत नुकतीच लागली होती, पुढचं दिसत होतं. आण्णा काही बोलले नाहीत. मग २०१९ ला ऑगस्टात सांगलीला महापूर, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस हलेना. फुलोऱ्यातल्या बागांत दावण्या शिरला, घडांची गळ आणि कूज. पहाटे तीनला उठून फवारणी करायला घरात सत्तरीचा माणूस एकटा. त्यातून जे वाचलं ते मार्चमध्ये काढायला आलं आणि लॉकडाऊनने गाड्या थांबल्या. उरलेल्याचा बेदाणा केला. तेव्हापासून आमचं फोनवरचं बोलणं असं होतं:

‘बरा हाईस न्हवं?’

‘हो. तुम्ही?’

‘हाय.’ आणि फोन आईकडे.

वादळानंतरच्या फोनमध्येही तेवढंच झालं. फक्त ‘बरा हाईस न्हवं’ दोनदा विचारलं.

पुढच्या आठवड्यात सकाळी पाणी घालताना दांडा बुंध्याशी पिवळट दिसला. बोटाने दाबला तर आत गेला. कुंडीतून आंबूस वास. दाजूला फोन करायची हिंमत झाली नाही. बराच वेळ फोन हातात धरून बसलो आणि आण्णांना लावला. आईला नाही, थेट त्यांना.

‘खालनं मऊ लागतंय?’

‘हो.’

‘वास?’

‘येतोय.’

‘किती पाणी घालत हुतास?’

मी सांगितलं. पलीकडे गप्प. मग म्हणाले, ‘रोज? निवडुंगाला?’ आणि एका माणसाने हसू दाबल्याचा आवाज आला. वर्षभरात पहिल्यांदा.

‘काप.’

‘किती कापू?’

‘पांढरं लागस्तोवर.’

चाकू कशाने पुसायचा, हा प्रश्न आला. खोलीत कॅन्टीनची रम होती. मी विचारलं, रमने चालेल का. नंतर कळलं की निर्जंतुक करायला सत्तर टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल लागतं आणि आपली रम ४२.८ ची. सुदैवाने त्या दिवसांत सॅनिटायझर पाण्यासारखा होता. प्रत्येक कापाला चाकू पुसायचा, नाहीतर पात्यावरून कूज वरच्या चकतीत जाते. आण्णांनी हे तीनदा बजावलं.

पहिली चकती तपकिरी, चिखलासारखी. दुसरी तशीच. तिसरी बाहेरून हिरवी, छान. मला वाटलं झालं. पण दांड्याच्या मधोमध जे कडं असतं, ज्यातून पाणी वर चढतं, त्यात नारिंगी ठिपके. कूज सालीपेक्षा कड्यातून लवकर चढते. बाहेरून हिरवं दिसलं म्हणून थांबलो असतो तर आठ दिवसांनी पुन्हा तेच. चौथी, पाचवी. आता दांडा अंगठ्याच्या पेराएवढा उरला आणि त्यातही एक ठिपका. हात थांबला. फोन स्पीकरवर होता.

‘काय झालं?’

‘आण्णा, खुंट संपला.’

‘मग वरचं सोडव.’

सांध्यावर कापून लाल गोळा वेगळा केला. त्याची खालची बाजू बघायला मी तो खिडकीशी नेला. स्वच्छ. मधलं बारीक कडं पांढरं. हातात एक लिंबाएवढं, स्वतःचं पोट भरू न शकणारं काहीतरी घेऊन मी उभा, आणि लॉकडाऊनमध्ये खुंट आणायचा कुठून?

‘जतकडं लावत्यात लोकं ते ड्रॅगन,’ आण्णा म्हणाले. जत हावड्यापासून दीड-दोन हजार किलोमीटर.

पण त्यांनी सांगितल्यावर मला आठवलं की शेजारच्या गच्चीवर एका खांबाभोवती असलेच तीनधारी वेल लोंबतात. त्या गच्चीचा मालक ज्यूट मिलमधून निवृत्त झालेला म्हातारा. मी मराठी आहे हे कळल्यापासून मला ‘बर्गी’ म्हणायचा. बर्गी म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. त्यांच्या धास्तीने १७४२ ला कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. तो मराठा डिच पुढे बुजवून वर रस्ता झाला, पण आठवण बुजलेली नाही. बंगाली आया अजून पोरांना बर्गीची भीती घालून झोपवतात. मी त्याला जेठू म्हणायचो. तर या बर्गीने कठड्यावरून हाक मारून खंडणी मागितली. जेठूने एक हातभर तुकडा कापून पिशवीत घालून फेकला आणि मास्कमधून काहीतरी सांगू लागला. मी म्हटलं, कळतंय मला, वडील द्राक्षवाले आहेत.

हा माज नडला.

आण्णांनी द्राक्षाचं कलम सांगितलं, मी तसंच केलं. सपाट काप, वर गोळा, आणि हवा लागून सांधा सुकू नये म्हणून प्लास्टिकच्या पट्टीने गच्च गुंडाळलं. वर ओलसर कापड. सहाव्या दिवशी सोडलं तर सांध्यात बुळबुळीत पाणी, वर पांढरी बुरशी. गोळ्याचा खालचा अर्धा भाग बोटाला लागला.

त्या संध्याकाळी मी ते बशीत घेऊन गच्चीवर गेलो. फेकायला. जेठू पलीकडे पाणी घालत होता. त्याने बशी बघितली, चष्मा सारखा केला आणि म्हणाला, ‘बाच्चा तो ठीक है.’ बाजूची तीन पिल्लं. एक सडक्या भागाला चिकटलेलं, पण दोन वरच्या अंगाला, टणक.

मी आण्णांना फोन लावला आणि दोघांना जोडून दिलं. जेठूची हिंदी बंगालीत बुडवलेली, आण्णांची मराठीत. मध्ये मी दुभाषा. जेठूने आधी मला झापलं. त्याने फेकलेल्या तुकड्याला मुळंच नव्हती आणि तेच तो मास्कमधून सांगत होता. रुजलेला खुंट हवा. मग एकेक सांगू लागला. खुंट सपाट कापल्यावर त्याच्या तिन्ही धारांच्या कडा तिरप्या तासायच्या. का, तर सुकताना बाहेरची साल ताठ राहते आणि मधला गर आक्रसून खाली बसतो. वाटी तयार होते आणि वरचं कलम उचलून सुटतं. वरच्याचं कडं आणि खालच्याचं कडं एकमेकांना कुठेतरी तरी भेटलं पाहिजे. आकार वेगळे असतील तर मधोमध न ठेवता जरा सरकवून ठेवायचं, म्हणजे कडी एकमेकींना छेदतात. कापल्या कापल्या, ओलं असताना, दाबून हवा काढायची. कुंडीखालून दोन रबरबँड आडवे-उभे. आणि गुंडाळायचं काही नाही. पाणी नाही. पंख्याखाली, सावलीत, आठ-दहा दिवस.

‘गुंडाळायचं न्हाई?’ आण्णांना ते पटेना. मी विचारलं. जेठू म्हणाला, द्राक्षाची काडी लाकूड आहे, सांधा जुळेपर्यंत ती सुकली तर मरेल. हा निवडुंग आहे, हा पाण्याची पिशवीच आहे. याला बाहेरचा ओलावा दिला की सडतो.

मी मराठीत सांगितलं. आण्णा थोडा वेळ गप्प.

‘म्हंजी त्येचं पाणी त्येच्यातच हाय,’ म्हणाले. मग, ‘त्यास्नी सांग, माझं चुकलं.’ हे वाक्य मी आयुष्यात त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं आणि त्याचा बंगालीत अनुवाद करताना मला जरा वेळ लागला.

जेठूने दोन रुजलेले खुंट कुंडीसकट काठीला बांधून पाठवले. दोन पिल्लांची दोन कलमं केली. रबर एवढंच ताणायचं की पिल्लू दबेल, चिरडणार नाही. वाटाण्यापेक्षा थोड्या मोठ्या गोळ्यावर माझे हात थरथरत होते. आठव्या दिवशी रबर काढले. एक पिल्लू रबराबरोबरच उचलून आलं. दुसरं राहिलं. बोटाने हलकेच ढकललं, हललं नाही. पुढचे पंधरा दिवस मी रोज सकाळी सहाला त्याच्यापुढे उभा राहायचो आणि पाणी घालायचो नाही. त्या रकान्यात आता ‘बघितले’ असं लिहीत होतो.

आण्णांनी त्याचं नाव लाल्या ठेवलं. लाल्या हा खरं तर कपाशीवरचा रोग, पण आमच्याकडे कपाशी नाही. रविवारी त्यांचा फोन यायला लागला. ‘लाल्याचं काय?’ त्यानंतर बागेचं, औषधांचे भाव, तलाठी, चुलतभावाचा ट्रॅक्टर. पेन्शनचं त्यांनी विचारलं नाही. मीच एकदा काढलं तर म्हणाले, ‘तुझं तू बघ. देखके.’ हा शब्द त्यांना फार आवडला होता.

दाजू अनलॉकनंतर परतला. मी सगळं आधीच फोनवर कबूल केलं होतं, तरी दारात त्याला कुंडी दाखवताना पाय जड झाले. तीन पिल्लांचा लिंबाएवढा गोळा ठेवून गेला होता आणि समोर बोरापेक्षा लहान एक. त्याने मातीत बोट खुपसलं. कोरडी. ‘पानी नहीं दिया?’ म्हणाला. मी म्हटलं, नाही. ‘शाबाश,’ म्हणाला आणि फोटो काढून मुलीला पाठवला. तिने उलट विचारलं, मोठं कुठे गेलं? दाजूने तिला काय सांगितलं ते नेपाळीत होतं, मी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही तिघे, जेठूसकट, शिबपूरच्या बोटॅनिकल गार्डनला गेलो. हावड्यात राहून ते न बघणं म्हणजे पंढरपुरात जाऊन चंद्रभागा चुकवणं. ही बाग एका फौजी माणसाने, लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट किडने, १७८७ मध्ये उभी केली. दुष्काळात लोकांना खायला मिळेल अशी झाडं इथे रुजवावीत हाही त्याच्या मनात हेतू होता. निवडुंगाचाही या बागेशी जुना संबंध. १७९५ मध्ये कॅप्टन नील्सन नावाच्या आणखी एका फौजीने ब्राझीलहून निवडुंगावरची किडकी पानं इथे आणली. त्या किड्यापासून किरमिजी रंग करायचा कंपनीचा बेत होता. पण तो भलताच किडा निघाला. रंग धड देईना, फड्या निवडुंग मात्र फस्त करत सुटला. मग लोकांनी पुढे दक्षिणेत आणि श्रीलंकेत तो मुद्दाम निवडुंग मारायलाच नेला. तण मारायला कीड वापरण्याचं हे जगातलं सगळ्यात जुनं उदाहरण मानतात. आण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, आमच्या बांधावरचा फड्या ल्हानपणी पोत्यानं हुता.

आणि तो वड. अडीचशे वर्षांहून जुना, साडेचार एकरांहून अधिक जागेत पसरलेला. आत कुठेही उभं राहा, मूळ खोड सापडत नाही, कारण ते नाहीच. १८६४ आणि १८६७ च्या वादळांत ते जखमी झालं, जखमेत बुरशी शिरली आणि शेवटी १९२५ ला ते कापून काढलं. झाड पारंब्यांवर उभं आहे. अम्फानमध्ये त्यातल्याही काही पारंब्या गेल्या होत्या. मी आण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल गोल फिरवला.

‘खोड कुठं हाय?’

‘कापलं. कुजलं होतं.’

‘पांढरं लागस्तोवर?’

‘पूर्ण.’

‘आपल्या बागंच्या दुप्पट जागा खातंय की रं,’ म्हणाले. त्यांना तेवढंच नवल वाटलं.

२०२२ च्या सुरुवातीला लाल्याला दोन पिल्लं आली. मी छुट्टीवर निघालो तेव्हा दाजूने त्यातलं एक तोडून कागदात गुंडाळून माझ्या साबणाच्या डबीत ठेवलं. डबीला तापवलेल्या सुईने भोकं पाडली होती. आझाद हिंदने पुण्यापर्यंत दोन रात्री, तिथून पुढे घर. स्लीपरच्या वरच्या बर्थवर शर्टाच्या खिशात डबी. एकदा टीसीने विचारलंही, काय आहे. मी म्हटलं, पिल्लू. त्याने पुढे विचारलं नाही.

घरी पोचलो तेव्हा आण्णा ओसरीत बसले होते. समोर तेलाच्या कापलेल्या डब्यात जतहून आणून रुजवलेला ड्रॅगनचा खुंट, बाजूला कलमाचा चाकू, सॅनिटायझरची बाटली, आईच्या डब्यातले दोन रबरबँड. चहासुद्धा व्हायचा होता.

‘कडा तिरक्या करायच्या, ध्येनात हाय न्हवं?’ म्हणाले. ‘तू काप. माझा हात आता हालतोय. मी डबा धरतो.’